सुखवंताबाईची बांधी आणि दोन देशांच्या रेषा

गोंदियाजवळच्या मुर्री गावात सुखवंताबाईंना गरीब गाय म्हणायची पद्धत होती. म्हणणाऱ्यांचा तरी काय दोष? सालेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचत, माकडांशी भांडत वाढलेली ही पोरगी या घरात सून म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिला बजावण्यात आलं की भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंच्या मार्फत. नवरा रूपलाल वारला, केस पिकले, तरी नियम कायम. एकाच अंगणात भासरे केशोराव आणि सुखवंताबाई उभे, आणि मधे जाऊबाई निर्मलाबाई इकडचं तिकडे पोचवताहेत. या खुळेपणाला लोक मर्यादा म्हणत.

रूपलालनं मागे ठेवली ती धानाची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर. तलावाचं पाणी आधी तिच्यात येतं, मग धुऱ्यात, म्हणजे बांधात, पाडलेल्या वाटेनं खाली शेजारच्या बकारामच्या बांधीत आणि तिथून पुढच्यांकडे. त्या बांधीवर सुखवंताबाईंचा जीव होता.

केशोरावांनी मात्र ती मनातल्या मनात कधीच नीलगिरीखाली घातली होती. एका दुपारी गोंदियाहून, शेतांत नीलगिरी लावून घेणाऱ्या कंपनीचा चंद्रकुमार आला. घरापुढच्या सपरीत बकारामसकट शेजारीपाजारी जमले. कागदासाठी लाकडाच्या ढलप्या करून परदेशी विकतात, त्या विक्रीचा आलेख त्यानं मोबाइलवर उघडला.

"ये देखो काकाजी, ही ऑस्ट्रेलियाची रेषा. पहले सबसे ऊपर होती, आता खाली आली. आणि हा व्हिएतनाम. कुठून कुठं चढला, देखो."

केशोरावांना व्हिएतनाम फार आवडला. जणू त्यांचाच धाकटा मुलगा पहिला आला होता.

"आपली बी अशीच चढते," ते म्हणाले. "सुखवंताची बांधी आमच्यातच धर. तिचं काही म्हणणं नाही."

दाराआड उभ्या सुखवंताबाईंचं डोकं सणकलं. तरी त्यांनी रीत पाळली. "बाई, त्यायले इचारा, माह्या बांधीचं मले काऊन नाही इचारलं?"

निर्मलाबाईंनी विचारलं. केशोरावांनी मानही वळवली नाही. "तिले सांग, ह्या बाहेरदेशच्या गोष्टी हायेत. तिले काय समजते?"

झालं. सुखवंताबाई दाराबाहेर आल्या. पदर डोक्यावरच होता, पण शब्द थेट भासऱ्याकडे गेले.

"भाऊजी, रेषा मलेबी दिसते. व्हिएतनाम चढला, चढो बापडा. पण ज्याची उतरली त्यानंबी झाडंच लावली होती ना? उद्या आपली उतरली त मी काय नीलगिरी शिजवून खाऊ? काऊन रे पोरा, झाडं तोडून मंग धान लावता येते?"

चंद्रकुमार खोटं बोलणारा नव्हता. "खुंट जेसीबीनं काढावे लागतात, काकी. मुश्किल काम है."

"आयकलं? अन् माह्या बांधीत झाडं उभी झाली त बकारामले पाणी कोठून जाईल? तो इथंच बसला हाये, पण बोलून नाही राहिला. म्हणून मी बोलून राहिले. बांधी मी देत नाही. त्यात धानच लागंल."

बकारामनं मान खाली घातली. त्यानं बोलायचं ते बाईला बोलावं लागलं होतं आणि त्याला ते कळलं होतं. कंपनीला सलग जमीन हवी होती, वरची बांधीच नाही तर सौदा नाही. चंद्रकुमारनं मोबाइल खिशात टाकला.

केशोरावांचा चेहरा लालबुंद झाला. "निर्मला, तिले सांग, आपल्या घरच्या बाया असं बोलत नाहीत."

निर्मलाबाई सुपातलं धान पाखडत होत्या. इतकी वर्षं दोघांचे निरोप वाहून त्या खरोखर थकल्या होत्या. सूप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "ते तुमच्या म्होरंच उभी हाये. तुमीच सांगा."

केशोराव आयुष्यात पहिल्यांदा भावजयीकडे वळले.

सुखवंताबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बोला," त्या म्हणाल्या, "मी आयकून राहिले."