स्पा माझ्या नावावर

बोटीवर मी हौसेनं गेलो नव्हतो, हे आधी सांगून ठेवतो.

आमच्या मुलाचं श्रीगोंद्यात खताचं दुकान आहे. त्यानं ठिबकचा माल ठरल्यापेक्षा जास्त विकला, म्हणून कंपनीनं बक्षीस दिलं. मुंबईतून मोठ्या बोटीनं गोव्याकडं जायचं आणि परत यायचं, जोडीनं. दुकानदारांच्या अशा सहली दरवर्षी निघतात. मुलगा म्हणाला, "आबा, पोरीची धाव्वी हाय, आमाला काय निघता येत न्हाई. तुमी दोघं जा."

मी म्हणालो, "समुद्रात माझं काय पडलंय?"

आतून आमच्या मंडळींचा आवाज आला, "मी जानार."

कारण नातीनं तिला कागद वाचून दाखवला होता. बोटीवर स्पा असतो, म्हणजे गरम पाण्याचा हौद, वाफेची खोली आणि अंग रगडून देणाऱ्या शिकलेल्या बाया. आमच्या मंडळींचा उजवा खांदा धरलाय. कांदे काटून म्हणा, धारा काढून म्हणा, हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी सून घालून देते. ही बाई दुसऱ्याकडून पाण्याचा तांब्यासुद्धा घेत नाही, ती रोज सकाळी सुनेपुढं मान खाली घालून बसते, आणि त्या वेळी कुणी बोललेलं तिला खपत नाही. नगरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम झाला. नात म्हणाली, "आज्जी, तिथं तुझा खांदा मोकळा करत्याल." झालं. त्या दिवसापासून घरात बोटीशिवाय दुसरा विषय नाही.

मुंबईला बंदरावर ही भलीमोठी रांग. पिशव्या तपासल्या, मला पट्टा काढायला लावला, माझी तंबाखूची पुडी दोन जणांनी वास घेऊन बघितली. मग एका टेबलापाशी आमचे दोघांचे फोटो काढले आणि दोन कार्डं दिली. खोलीचं कुलूप त्या कार्डानं उघडायचं, जेवायला ते कार्ड दाखवायचं, सगळं त्या कार्डावर. टेबलावरच्या पोरीनं एक छापील कागद पुढं सरकवला आणि हिंदीत इंग्रजी कालवून काहीतरी विचारलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. मराठी पेपर रोज वाचतो, अग्रलेखासकट. इंग्रजी पुढं आलं की मी चष्मा काढून पुसतो. पुसून होईपर्यंत शेजारचं कुणीतरी बोलतंच, असा माझा आजवरचा अनुभव. त्या दिवशी कुणी बोललं नाही. उलट मागून राहात्याचा एक दुकानदार, आमच्याच सहलीतला, म्हणाला, "काका, उरका की. बोट निघंल अन् तुमी टेबलापाशीच ऱ्हाल."

पोरगी परत म्हणाली, "स्पा किसके नाम पे? कसीनो किसके नाम पे?"

जोडीमागं एक स्पा आणि एक कसीनोचं कुपन होतं, हे मला नंतर कळलं; पण नाम पे म्हटल्यावर तेवढं समजलं. सोसायटीत, कारखान्यात, तलाठ्याकडं, सगळीकडं हेच विचारतात आणि त्याला आमच्या घरात उत्तर एकच असतं. मी म्हणालो, "दोन्ही मेरे नाम पे." आणि ठसठशीत सही केली. सही मी चांगली करतो.

मंडळी मागं पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांना काय विचारायचं, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. सहाव्या मजल्यावर काचेचं दार होतं, आत फुलांचा वास. दारातल्या पोरीनं तिचं कार्ड यंत्राला लावलं. यंत्र चिडल्यासारखं वाजलं. "नो स्पा, मॅम." मग माझं लावलं. यंत्र गोड वाजलं. पोरीनं मला वाकून नमस्कार केला, एक पांढरा झगा आणि सपाता माझ्या हातात दिल्या.

मी झगा धरून उभा. मंडळी माझ्याकडं बघतायत.

"तुमच्या नावावर हाय व्हय?"

"तसं दिसतंय."

"सातबारा तुमचा. कारखान्याचा शेअर तुमचा. आता तेल लावून घ्याचं तेबी तुमचंच?"

मी म्हणालो, "अगं, नावानं काय व्हतंय? माझ्या कार्डावर तू जा."

यात मी काही वावगं बोललो नव्हतो. दिवाळीला कारखान्याची साखर मिळते ती सभासदाच्या कार्डावर. पण आणायला सभासदच गेला पाहिजे असं थोडंच आहे? मुलगा जातो, पुतण्या जातो, एका वर्षी तर शेजाऱ्यानं आमची साखर त्याच्या टेम्पोतून आणली. कार्ड खरं असल्याशी मतलब. मी हे त्या पोरीला हिंदीतून समजावून सांगितलं. "शक्कर" एवढा एक शब्द तिला समजला. तिनं साखरेच्या दोन पुड्या आणून दिल्या आणि यंत्राच्या पडद्याकडं बोट दाखवलं. तिथं माझा फोटो होता, मिशीसकट.

तिथून खाली चौकशीच्या टेबलावर गेलो. तिथं एक टाय लावलेला गडी होता. म्हणाला, नाव सिस्टीममध्ये बसलंय, आधी कसं बसलं ते सांगा.

"मंग काढा की तिथनं. खिळा मारलाय का?"

तो हसला. हसल्याचा मला राग आला. मंडळी शेजारीच उभ्या, राहात्याचा दुकानदार तिथंच चहा ढोसत होता. मी बोलून गेलो, "ये गलती तुम्हारी लडकी की है. मैंने औरत का नाम बोला था. उसने गलत लिखा."

गडी गंभीर झाला. म्हणाला, असं असेल तर मोठ्या मॅडम दुपारी येतील, त्यांच्याकडं लेखी द्या. मंडळी वळून चालायला लागल्या. वर जाऊन उघड्यावर एका खुर्चीत बसल्या, समुद्राकडं तोंड करून. मी शेजारी बसलो तर खुर्ची फिरवली.

दुपारपर्यंत काय करायचं? कसीनोचं कुपन माझ्याच नावावर होतं, तर गेलो बघायला. आत गेलं की दिवस आहे का रात्र कळत नाही. खिडकी नाही, घड्याळ नाही. सगळीकडं दिवे लुकलुकतायत आणि यंत्रं आपापसात बडबडतायत. मधोमध एक चाक. जत्रेत सोरट असतं ना, पैसे लावा आणि साबणाची वडी घेऊन घरी जा, तेच हे. फक्त इथं चाक फिरवणाऱ्यानं कोट घातलेला आणि साबणाची वडीसुद्धा मिळत नाही. कुपन दिल्यावर मला रंगीत बिल्ले दिले, कॅरमच्या सोंगट्यांएवढे. सोरटवाल्याला आम्ही गावच्या जत्रेतून दोनदा हाकलून दिलंय, मी स्वतः पुढं होतो. मी बिल्ले खिशात टाकून कडेला उभा राहिलो, तर एक पोरगी मिनिटामिनिटाला येऊन विचारायची, "सर, प्ले?" मी म्हणायचो, "नो." इंग्रजीत.

राहात्याचा दुकानदार तिथंच होता. त्याचे बिल्ले संपले होते आणि तोंड सुकलं होतं.

"काका, तुमी खेळत न्हाई का?"

"मी जुगार खेळत नसतो."

"मंग ते बिल्ले खिशात उबवून पिल्लं काढनार का?"

मी खिशावर हात ठेवला. तो जवळ सरकला. "आयका. माझ्या बायकोच्या नावावर स्पा हाय. तिला बोट लागलीय, सकाळधरनं उलट्या करतीय, उठायची न्हाई. तिचं कार्ड तुमी घ्या, काकींना पाठवा. बिल्ले मला द्या."

मला हे एकदम पटलं. कार्ड बाईचं, जाणारी बाई. आता यंत्राला काय अडचण? बिल्ले त्याच्या ओंजळीत ओतले, कार्ड घेतलं आणि वर जाऊन मंडळींना म्हणालो, "ऊठ. झालं काम."

"कसं झालं?"

"तू ऊठ तर."

ती उठली. सकाळी एवढं होऊनसुद्धा उठली, यावरून तिचा खांदा किती दुखत असेल ते मला कळायला पाहिजे होतं. काचेच्या दाराशी मी मुद्दाम लांब थांबलो. पोरीनं कार्ड लावलं, यंत्र गोड वाजलं. पोरीनं पडद्याकडं बघितलं, मग मंडळींकडं बघितलं, परत पडद्याकडं. पडद्यावर गुबगुबीत गालांची, चष्मा लावलेली, केस कापलेली बाई हसत होती. आमच्या मंडळी वाळलेल्या शेंगेसारख्या, डोक्यावर पदर. पोरीनं कार्ड परत दिलं नाही. फोन उचलला. एक धिप्पाड गडी आला आणि मंडळींना हात जोडून बाजूला व्हा म्हणाला. झगा घातलेल्या दोन बाया बघत उभ्या राहिल्या.

मी पुढं गेलो तशी ती माझ्याकडं वळली.

"दुसऱ्याचं कार्ड? दुसऱ्या बाईचं? चोर म्हनून उभी केली का मला?"

"अगं, पन त्यानंच दिलं..."

"तुमी गप ऱ्हा. मला काय नको. माझा खांदा मी असाच घेऊन जाईन मसनात."

हे ती घरात म्हणते तेव्हा मी उलट बोलतो. त्या दिवशी जमलं नाही.

गडी आम्हाला खाली मोठ्या मॅडमपुढं घेऊन गेला. मॅडम मालवणकडच्या निघाल्या, चांगलं मराठी बोलत होत्या. तेवढ्यात राहात्याचा दुकानदारही पळत आला, कार्डासाठी. माझे बिल्ले तोवर त्याचे घालवून झाले होते. टायवाल्यानं सकाळचं सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी कालच्या टेबलावरच्या पोरीला बोलावून घेतलं. पोरगी नातीएवढीच असेल, थोडी मोठी. तिचा चेहरा पडला होता.

मॅडम म्हणाल्या, "काका, हिनं तुमचं नाव चुकीचं लिहिलं असं तुमचं म्हणणं आहे ना? मग तसं लिहून द्या. मी वर पाठवते. पण उत्तर यायला उद्या उजाडेल."

"उद्या तर उतरायचं."

"हो. आणि हिलाही जबाब द्यावा लागेल."

पोरगी माझ्या सहीचा कागद हातात धरून उभी राहिली. कागद, पेन माझ्यापुढं ठेवला. अर्ज मला नवे नाहीत. तहसीलला दिलेत, वीज मंडळाला दिलेत, रस्त्याच्या भांडणात तर वहीभर दिलेत, आणि प्रत्येकात चूक समोरच्याचीच होती. पेन उचललं. मंडळी माझ्याकडं बघत नव्हत्या, पोरीकडं बघत होत्या.

मी चष्मा काढला, पुसायला लागलो. सगळे थांबले. कुणीच काही वाचून दाखवेना.

"हिनं चुकीचं न्हाई लिव्हलं," मी म्हणालो. "मीच सांगितलं. कागद इंग्रजीत हुता. मला वाचता आला न्हाई."

राहात्यावाला म्हणाला, "अवो काका, मग मला इचारायचं ना मागं वळून!"

"तू उरका उरका करत हुता!"

मॅडम म्हणाल्या, "एवढंच ना? मग सोपं आहे. पाहुण्याची स्वतःची चूक असेल तर आम्ही इथंच बदलतो." आणि चार कळा दाबल्या. चार! सकाळी नऊपासून आम्ही त्या बोटीत वरखाली नाचत होतो, माझा गुडघा सुजला, परक्या बाईच्या कार्डाचा आळ आला, आणि काम चार कळांचं. सकाळी का नाही सांगितलं म्हणून मी टायवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सकाळी तुम्ही चूक आमची म्हणालात.

शेवटची अर्ध्या तासाची वेळ शिल्लक होती. मंडळींनी जाताना त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, डावा.

मी काचेच्या दाराबाहेर बसलो. काकडी घातलेलं पाणी आणून दिलं, ते प्यालो. काकडी पाण्यात घालायची नसते, मीठ लावून खायची असते, पण तेही मी कुणाला सांगितलं नाही. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. आत जाऊन विचारावं म्हणून दोनदा उठलो आणि दोनदा बसलो.

ती बाहेर आली तेव्हा डोळे झोपेतून उठल्यासारखे, अंगाला तेलाचा वास. शेजारच्या खुर्चीत टेकली.

"काय म्हनली आतली बाई?"

"तिला माझं कळंना, मला तिचं. डोंगराकडची कुटली तरी हाय. पन दुखतंय कुटं ते तिला बरोबर घावलं. मी वरडले तर थांबायची, मग परत हळूच तिथंच."

"मग? मोकळा झाला का?"

तिनं उजव्या हातानं पदर धरला आणि डोक्यावर घ्यायला लागली. हात खांद्यापर्यंत गेला, मग हनुवटीपर्यंत. तिथं थांबला, तिनं दात खाल्ले आणि तो कानापर्यंत गेला. पुढं जाईना. उरलेला पदर तिनं डाव्या हातानं ओढून घेतला.

"कानापर्यंत गेला," ती म्हणाली.

मी म्हणणार होतो की एवढ्या मोठ्या बोटीवर एवढी यंत्रं ठेवलीत आणि नुसता कानापर्यंतच? तिनं माझ्याकडं न बघता तोच हात वर केला.

"आता काय बोलू नका. अंग अजून हलकं वाटतंय. जरा टिकू द्या."

मी गप्प बसलो. फार अवघड गेलं.