प्रामाणिकपणाचं कोरं पान

मंडळी, गुहागरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. बोटं दुखतायत, पण आजचं आजच सांगून टाकते.

उद्या आमच्या शाळेची तपासणी आहे आणि माझी मूल्यशिक्षणाची वही जूनपासून कोरी होती. आधी भाताच्या लावणीत मुलं गैरहजर, मग आम्ही शिक्षक मतदारयाद्यांच्या कामाला. तो तास कधी झालाच नाही. म्हणून आज दुपारी वर्गात बसून चार महिन्यांच्या नोंदी भरल्या. कधी निळं पेन, कधी काळं, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिलंय असं वाटू नये. सतरा वर्षांच्या नोकरीत एवढं शिकलेय.

वक्तशीरपणा झाला, श्रमप्रतिष्ठा झाली. पुढचं पान प्रामाणिकपणाचं. 'मुलांनी स्वतःचे अनुभव सांगितले' असं लिहायला पेन बदललं, आणि हात पुढे जाईना.

हेडसरांना म्हटलं, "सर, एवढं एक पान राहू दे."

तेही माझ्यासारखेच दमलेले. म्हणाले, "बाई, बाकीची भरलीत ना? मग या एका पानानं काय होणार आहे?"

पान तसंच ठेवून आले. फार काही केलं असंही वाटत नाहीये.

उद्या तपासणीला येणारे साहेब नेमकं त्याच पानावर बोट ठेवतील. अख्ख्या वहीत खरं तेवढं एकच पान आहे.

तुमचा हात कुठे थांबतो? की आता थांबतच नाही?