फक्रुद्दीन मिस्त्रीचा पितळी व्हॉल्व्ह

कोपरगावात जुन्या गाडीच्या ब्रेकचं काम म्हटलं की फक्रुद्दीन मिस्त्री. शिक्षण चौथी नापास, पण ब्रेकच्या बाबतीत भल्याभल्या इंजिनिअरांना गप्प बसवणारा माणूस. जुन्या गाडीची खोड एकच. चारही चाकांना तेल जातं एकाच लाइनीतून. कुठं एक पाइप फुटला की पेडल सरळ फळीला टेकतं आणि चारही चाकं मोकाट.

त्यावर मिस्त्रीनं स्वतः लेथवर पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह कातला होता. त्यातून लाइनीला दोन फाटे फुटायचे, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. प्रत्येक फाट्यात बोटाएवढा पिस्टन, त्याला रबरी टोपी. एरवी तेल पिस्टनच्या कडेनं निवांत जातं-येतं. पण एखाद्या फाट्याचा पाइप फुटून तेल धारेनं पळायला लागलं, की तीच धार पिस्टनला ढकलते, टोपी भोकात जाऊन बसते, गळती बंद, आणि गाडीत लाल दिवा लागतो. दोन चाकं गेली तरी दोन हातात राहतात. माणूस घरी पोचतो.

पुणतांब्याच्या राधाकृष्णकडं वडलांची बहात्तर सालची अँबेसेडर होती. लग्नसराईत नवरदेव मिरवायला जायची. मिस्त्रीनं तिला हा व्हॉल्व्ह बसवून पाच वर्षं झाली होती. यंदा वैशाखात राधाकृष्ण ती घेऊन आला, पेडल जड लागतंय म्हणाला. मिस्त्रीनं तेलाच्या डबीत बोट बुडवलं, वास घेतला, आणि त्याचं डोकंच फिरलं. ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून राधाकृष्णनं उसाची ट्रॉली उचलणाऱ्या ट्रॅक्टरचं तेल ओतलं होतं. घरात डबा होता, ओतलं. त्या तेलानं रबर पुरीसारखं फुगतं. टोप्या फुगून अडकल्या होत्या. आता पाइप फुटला तरी पिस्टन हलणार नव्हता.

मिस्त्री म्हणाला, गाडी इथंच राहू दे, सगळी रबरं बदलावी लागतील, दोन दिवस लागतील. राधाकृष्ण हसला. वऱ्हाड उद्याच घाट उतरून जायचं होतं. भाच्याचं लग्न, आणि मागच्या सीटवर राधाकृष्णची म्हातारी आई, राहीबाई.

"चाचा, दिवा तर लागला न्हाई. उगं भेव कशाला घालता?"

"पिस्टन जाम हाय. दिवा कोन लावनार, तुझा बाप?"

"तुमचं वय झालं. तुमाला समद्यातच फॉल्ट दिसतो."

मिस्त्रीनं चावी काढून खिशात घातली. मग राधाकृष्णनं आईला फोन लावला आणि मिस्त्रीच्या कानाला धरला. दर ईदला मिस्त्रीच्या घरी हक्कानं शिरखुर्मा मागणारी बाई ती. म्हणाली, मांडव दारात हाय फक्रुभाऊ, लेकराची मिरवनूक मोडू नका.

मिस्त्रीनं चावी देऊन टाकली.

घाटात मागचा रबरी पाइप फुटला. त्याच तेलानं तोही कुजला होता. व्हॉल्व्ह हलला नाही, सगळं तेल डांबरावर सांडलं. राधाकृष्णनं गाडी डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी गटारात घातली. नवरदेवाला खरचटलं. राहीबाईचा खुबा मोडला, ती पुन्हा उभी राहिली नाही.

गावभर एकच बोलणं झालं, मिस्त्रीचा घरगुती माल फेल गेला. ट्रॅक्टरच्या तेलाचं नाव कुणी काढेना. मिस्त्रीनं व्हॉल्व्ह उतरवून घेतला, करवतीनं उभा चिरला आणि फुगलेल्या टोप्या घेऊन पुणतांब्याला गेला. राधाकृष्ण दारातून आत निघून गेला. खाटेवरच्या राहीबाईनं टोपी हातात घेतली, दाबून पाहिली.

"तुमाला आदीच कळलं हुतं तर," ती म्हणाली, "मग चावी का दिली, फक्रुभाऊ?"

चहा न घेता मिस्त्री उठला.

त्यानंतर त्यानं एकही व्हॉल्व्ह कातला नाही. परवा देवळाली प्रवऱ्याचा एकजण जुनी जीप घेऊन आला. मिस्त्रीच्याच हातचा व्हॉल्व्ह होता तिला. लाल दिवा सारखा पेटतोय, डोळ्यांत खुपतो, वायर तोडून द्या म्हणाला. पूर्वी मिस्त्रीनं त्याला शिव्या घालून गाडीखाली शिरून गळती शोधली असती. आता त्यानं काही विचारलं नाही. पक्कड घेतली आणि वायर तोडली.