कावीळ लिहिणार नाही

"कावीळ लिहा," विभागप्रमुख म्हणाले. "कावीळ सगळ्यात सोयीची. महिनाभर विश्रांती, पुढे महिनाभर अशक्तपणा. कोणी काही विचारत नाही."

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. सातवा महिना होता आणि पदर कितीही नीट घेतला तरी तो लपत नव्हता. सर वाईट माणूस नव्हते. एम.ई.च्या वर्गात मी एकटी बाई, पण त्यांनी मला कधी मागे सारलं नाही, की पुढे बसवून कौतुकाचा तमाशाही केला नाही. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक तेच होते. त्या दिवशीही ते मला त्यांच्या परीनं मदतच करत होते.

नियम असा होता. प्रत्येक सत्रात पंचाहत्तर टक्के हजेरी. ती भरली नाही तर सत्र मंजूर नाही, आणि शेवटचं सत्र मंजूर नाही तर प्रबंध दाखल करून घेणार नाहीत. माझं शेवटचं सत्र दोन महिन्यांनी सुरू व्हायचं होतं, ऐन बाळंतपणात. गैरहजेरी माफ व्हायची ती विद्यार्थी आजारी असेल, घरात कोणी गेलं असेल किंवा तो विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेला असेल तर. म्हणजे क्रिकेटची सोय होती, बाळंतपणाची नव्हती. नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. पोटुशी बाई कधी एम.ई.च्या वर्गात येऊन बसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

"सर, मला कावीळ झालेली नाही," मी म्हटलं. "मला मूल होणार आहे."

"ते मला दिसतंय हो. नियमाला दिसत नाही ना. मागच्या वर्षी एकानं बहिणीच्या लग्नासाठी टायफॉईड घेतला. माझ्याच सहीनं मंजूर झाला. डॉक्टरचा दाखला आणा, मी सही करतो. अडून कशाला बसता?"

विचार करून सांगते म्हटलं आणि चंद्रपूरहून सिंदेवाहीकडची बस धरली.

सिंदेवाहीहून आत, धानाच्या मुलखात माझं सासर. नवरा मुलचेऱ्याकडे शाळेत मास्तर, तो जमेल तेव्हा यायचा. घरी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायचे. माहेरी आणि सासरी मिळून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. बी.ई.चा निकाल लागला तेव्हा माझा बाप ते वर्तमानपत्र घेऊन गावभर फिरला होता. त्याला वाचता येत नव्हतं. माझा नंबर कुठे आहे तिथे त्यानं बोट ठेवलेलं होतं, ते त्यानं घरी येईपर्यंत उचललं नाही.

आत्याबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. मी तिला सरांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, लिहून टाक, लिहाले का जाते.

"बिमारी?" ती म्हणाली. "कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"पोटुशी बाईच्या नावानं बिमारी लिहून देतेस? सरकारी कागदावर? वरून ठप्पा मारून?" तिनं सूप खाली ठेवलं. "नाई. बिलकुल नाई. पोराले पिवळं करून आणशील."

"आत्याबाई, कागदावर लिहिल्यानं कोणी पिवळं होत नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव तुम्हीच बोडीच्या पाण्यात सोडले ना?"

"देव सोडले. जीभ नाई सोडली. वाईट बोलू नये, वाईट लिहू नये. याले देव कायले पाह्यजे?"

खरं म्हणजे मला तिच्याशी वाद घालायचाच नव्हता. कारण कावीळ लिहायची नाही हे मी बसमध्येच ठरवून आले होते. माझं कारण वेगळं होतं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना खिडकीतल्या माणसानं माझा जातीचा दाखला उजेडाकडे धरून पाहिला होता, नोट खरी की खोटी पाहतात तसा. मग गुणपत्रिकाही तशीच धरली. माझ्या पुढच्या पोराच्या कागदांवर त्यानं नुसते शिक्के मारले होते. तेव्हापासून मला पक्कं ठाऊक आहे की आमच्या घरातल्या माणसाचा कागद लोक दोनदा पाहतात. टायफॉईडवाल्याला खोटा दाखला परवडतो. उघडा पडला तर लोक हसतील, म्हणतील पोरगं चालू आहे. माझा उघडा पडला तर म्हणतील, हिचे बाकीचेही असेच असतील. त्या एका काविळीनं माझी शिकलेली सगळी वर्षं पिवळी पडली असती.

तर आत्याबाई तिच्या कारणानं अडली होती आणि मी माझ्या. दोन्ही कारणांची एकमेकांशी ओळखही नव्हती, पण बाजू एकच होती. नवरा सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "लिहून टाक ना, सही तं सरच करून राह्यले." आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो विहिरीवर पाणी आणायला निघून गेला. घरात पाणी भरलेलं होतं.

मी अर्ज केला. कारण या शब्दापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, बाळंतपण. कार्यालयातल्या बडे बाबूंनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"मॅडम, हे काय लिहिलं जी तुम्ही?"

"बाळंतपण."

"ते तं वाचता येते मले. पण याले लावू कोणत्या फायलीत? बिमारीत नाई बसत. मरणात नाई बसत."

"खेळात लावा."

बडे बाबू इतके हसले की चहा बशीबाहेर सांडला. पण अर्ज त्यांनी परत केला नाही. वर नंबर टाकला आणि सरांकडे पाठवला. सरांनी मला बोलावून सांगितलं की आता हे त्यांच्या हातात राहिलं नाही, विभागीय समिती बसेल, तिथे काय ते बोला.

समितीत सगळे पुरुष होते, सगळे माझेच शिक्षक. एक जण म्हणाले, "आज एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील."

"सगळ्या म्हणजे कोण, सर? वर्गात मी एकटीच आहे."

कोणीतरी खोकलं. दुसरे जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "वर्षभर थांबा ना. घाई काय आहे? मूल मोठं होऊ द्या, मग या."

मी म्हटलं, "सर, आमच्या घरात थांबवलेलं शिक्षण मी परत सुरू झालेलं पाहिलं नाही. एकदा पुस्तक फळीवर गेलं की त्याच्यावर धान्याचा डबा येतो." मग विचारलं, "आपल्या कॉलेजात नोकरीला असलेल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळते ना? मग शिकणाऱ्या बाईचं बाळंतपण वेगळं असतं का?"

"तो शासनाचा नियम," ते म्हणाले. "विद्यार्थ्यांचा नियम विद्यापीठाचा. तो आम्हाला बदलता येत नाही."

हे ते म्हणणार हे मला माहीत होतं. म्हणून नियमांची पुस्तिका मी बरोबर नेली होती. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली त्या खोलीत बहुधा मी एकटीच असेन. शेवटच्या सत्रासाठी तिच्यात एक कलम होतं. प्रबंधासाठी प्रत्यक्ष जागेवर केलेलं काम हजेरीत धरावं, मात्र मार्गदर्शकानं तिथे जाऊन खात्री करून घ्यावी. मी ते मोठ्यानं वाचलं.

"माझा विषय मातीच्या पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून, झिरपणारं पाणी," मी म्हटलं. "माझी जागा म्हणजे सासरच्या गावचा तलाव. घरातून पाळ दिसते. रजा देऊ नका. काम मंजूर करा."

"बाळंतपणात काम करणार तुम्ही?"

"करते की नाही ते येऊन पाहावं. पण अर्जातला शब्द मी बदलणार नाही."

मग सर, जे इतका वेळ पेन्सिल फिरवत बसले होते, म्हणाले, "मी जाईन पाहायला."

सत्र सुरू झाल्यावर काही दिवसांनी मुलगी झाली. आता खरी समिती घरात बसली. आत्याबाई म्हणाली, सव्वा महिना बाज सोडायची नाही, आणि पाळीवरचं वारं तर अंगाला लागूच द्यायचं नाही. मी हिशेब मांडला. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे पाव सत्र तसंही माझं होतं. पोरं ते सिनेमात घालवायची. मी ते आत्याबाईला देऊन टाकलं. "तेवढे दिवस तुमचे," मी म्हटलं. "शेक द्या, लाडू द्या, झोपवून ठेवा. पण त्याच्या पुढचा एक दिवस मागू नका."

"सौदा करून राह्यली का व माह्यासंग?"

"हो."

"कर. तुह्या सायबाहीपरीस मी बरी."

ती शब्दाला जागली. सव्वा महिना झाला त्या दिवशी तिनंच माझ्या डोक्याला फडकं बांधलं, कानात कापूस कोंबला आणि मुलीला घेऊन माझ्या मागे पाळीवर आली. पाळीजवळ मोहाचं झाड होतं. त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली. मी पाळीच्या पायथ्याशी खाच पाडलेला पत्रा बसवला होता, त्या खाचेतून झिरपलेलं पाणी वाहायचं. ते मोजायचं, तलावाची पातळी पाहायची, पाळ कुठे खचते का ते लेव्हलच्या, म्हणजे उंची-सखलपणा मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून तपासायचं. मूल रडलं की पाजायचं आणि परत यायचं. पाठ दुखायची. दुखू दे म्हणायचं.

सर आले ते मोहाची फुलं टपटपत होती तेव्हा. बसमधून उतरून उन्हात चालत आलेले, हातात चपला, कारण पाळीखाली झिरपलेल्या पाण्याच्या चिखलात एकीचा अंगठा तुटला होता. त्यांनी माझी मोजमापं तपासली, दोन ठिकाणी चूक काढली, स्वतः पाणी मोजून पाहिलं. मग झाडाखाली येऊन आत्याबाईला विचारलं, "आजी, सून रोज येते का इथे?"

"रोज येते जी. पण सायेब, मले एक सांगा. तुमच्या कॉलेजात एवढे हुशार लोक. त्याहीले मायच्या पोटातून नाई यावं लागलं का?"

सर चपलेचा अंगठा बसवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी आत्याबाईला दुर्बिणीतून पाहायला बोलावलं. त्या काळच्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसायचं. मी पाळीच्या दुसऱ्या टोकाला मोजपट्टी धरून उभी होते. आत्याबाईनं डोळा लावला आणि ओरडली, "अवं, हे तं डोकं खाली, पाय वर!"

"त्यातून तसंच दिसतं, आजी," सर म्हणाले. "आम्हाला सवय झालेली असते."

"तरीच," आत्याबाई म्हणाली. "नियम बी यातूनच पाहून लिहून राह्यले वाट्टे तुम्ही."

सर इतके मोठ्यानं हसले की झोळीतली मुलगी जागी झाली. मग तिथेच मांडीवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

सत्र मंजूर झालेल्यांची यादी उन्हाळ्यात फलकावर लागली. शेऱ्याच्या रकान्यात कोणापुढे आजारपण, कोणापुढे क्रीडा. माझ्या नावापुढे बडे बाबूंच्या गोल अक्षरात होतं, बाळंतपण, क्षेत्रकार्य, हजेरी पूर्ण. दोन-तीन पोरं ते एकमेकांना दाखवून हसत होती. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि ती बाजूला होईपर्यंत हलले नाही. मग अगदी सावकाश, शब्दावर बोट ठेवून वाचलं.

प्रबंध त्याच वर्षी पावसाळ्याआधी दाखल झाला. पण यादी लागली त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आत्याबाई मुलीला तेल लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"झालं का मंजूर?"

"झालं."

"काय लिहिलं त्याहीनं?"

"बाळंतपण."

"बिमारी तं नाई ना लिहिली कुठी?"

"नाही, आत्याबाई. कुठेच नाही."

"मग ठीक हाये," ती म्हणाली आणि मुलीला पालथी करून पाठीला तेल लावू लागली.