चार मिनिटं मागे

"बिघडलं नाही, दमलंय," असं म्हणत काका कुठल्याही यंत्रावर तळहात ठेवायचे. आमचा ड्रायर, शेजारणीचं गवत कापायचं मशीन, एकदा तर मंडळाच्या गणपतीत बंद पडलेला स्पीकर. डोळे मिटून, ताप बघावा तसे उभे राहायचे. तुमच्याही ओळखीत असे एखादे गृहस्थ असतील. त्यांच्याकडे नीट बघून घ्या. मी बघितलं नाही.

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, आमच्यापासून चार घरं सोडून ते एकटे राहायचे. काकू गेलेल्या, मुलगा दूर दुसऱ्या राज्यात, बॉथेलला. सगळी नोकरी गाड्यांच्या वायपरच्या मोटरी तपासण्यात गेली. "आयुष्यभर खोट्या पावसात उभा होतो रे," म्हणायचे. नजर अधू झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग सोडलं. शनिवारी ग्रोसरीला मी न्यायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला त्यांचा मुलगा समजायचो.

माझ्या मुलीला, ईराला, सहावीत प्रोजेक्ट मिळाला: नव्या प्रकारचं घड्याळ तयार करा. ती सरळ काकांकडे गेली. मीही इंजिनिअर आहे. ते मला लागलं होतं, आज कबूल करतो.

दोघं आमच्या गराजमध्ये कित्येक आठवडे बसली. घड्याळाला काटा एकच, तोही खरा वायपर. सकाळी सहाला डावीकडे आडवा, बाराला सरळ उभा, संध्याकाळी सहाला उजवीकडे आडवा; रात्रभर त्याच वाटेनं परत. आत काकांच्या जुन्या शिलाई मशीनची चक्रं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. ईरा हिरमुसली, तर काका म्हणाले, "लपवायचं नाही. कार्डावर लिही." तिनं लिहिलं: चार मिनिटं मागे, कारण शोधतोय.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी, ती स्विमिंगला गेली असताना, मी मागचं झाकण उघडलं. विकतची मोटर आणि एक छोटा सर्किट बोर्ड बसवला. कार्ड फाडलं. चक्रं कचऱ्यात टाकली. सोमवारी कचऱ्याचा ट्रक ती घेऊन गेला. पोरीसाठीच करतोय, असं स्वतःला सांगितलं. काकांनी ते बघू नये म्हणून त्यांना फोन केला: फक्त पालकांनाच एन्ट्री आहे.

"हो का?" ते म्हणाले. "मी टायला इस्त्री करून ठेवली होती."

ईराला सांगितलं, काकांना बरं नाहीये.

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी तिला घड्याळ आतून दाखवायला सांगितलं. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे.

"माय डॅड कॅन एक्सप्लेन," एवढंच म्हणाली. तरीही रिबन मिळाली.

त्या शनिवारी गाडीत काकांनी विचारलं, "किती मागे पडलं?"

"अजिबात नाही, काका. एकदम परफेक्ट."

"अजिबात नाही?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानात कोथिंबीर घ्यायचीही विसरले. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, "तू दमला असशील, राहू दे." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. थंडी पडायच्या आत मुलगा त्यांना बॉथेलला घेऊन गेला. मी रोज ठरवायचो, आज फोन करून माफी मागायची. हिवाळा संपता संपता ते गेल्याचं कळलं.

नंतर त्यांच्या मुलाकडून एक पाकीट आलं, ईराच्या नावाचं. आत विजेच्या बिलाच्या पाठीवर वायपरची थरथरती आकृती, आणि खाली मराठीत चार ओळी. ईराला मराठी वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागलं.

"कारण सापडलं. काटा वर चढताना स्वतःचं वजन उचलतो, म्हणून दमतो. त्याच्या मागच्या टोकाला एक क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं, चिकटवून बघ. माझ्या अंदाजानं तेवढं पुरेल."

ती खोलीत गेली आणि एक क्वार्टर घेऊन आली.

"व्हेअर इज अवर क्लॉक, बाबा?"

चक्रं मी कचऱ्यात टाकली, हे मी सांगितलं. क्वार्टर तिनं फळीवर ठेवला, रिबनच्या शेजारी.

फळीवरचं घड्याळ अजून चालतं. एक मिनिटही मागे पडत नाही.