पाच कोटेशनांचा तपास

ती केस आठवली की मला आजही शिंक येते. कडेगाव भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. गावातल्या चौदा बायका एका बाईला पुढे घालून आत शिरल्या. ती बाई मिरची कांडपावरून तशीच उठवून आणलेली. पदराला, केसांना, भुवयांनासुद्धा लाल तिखट. आधी ठाणे अंमलदार शिंकले, मग वायरलेसवरचा शिपाई, मग मी. आरोपी म्हणून उभ्या केलेल्या माणसाने सगळ्या ठाण्याच्या डोळ्यांत पाणी आणायची माझ्या नोकरीतली ती एकच वेळ.

बाईंची गावात पिठाची गिरणी आणि कांडप. नवरा फौजेत, सरहद्दीवर. गिरणीचं वीजबिल जड जायचं म्हणून छतावर सौर पॅनेल बसवायचा विचार त्यांनी केला आणि मोबाईलवर शोधताना त्यांना एक वेबसाइट सापडली. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक टाकायचा, की पाच कंपन्यांचे दर शेजारी शेजारी यायचे, खाली तारे आणि समाधानी ग्राहकांचे अभिप्राय. बाईंना ते पटलं. दळण घेऊन येणाऱ्या बायकांनाही त्यांनी ते दाखवलं आणि ज्यांना जमत नव्हतं त्यांचे फॉर्म स्वतःच्या मोबाईलवरून भरून दिले. सगळ्यांनी पहिल्या नंबरच्या कंपनीकडे आगाऊ रक्कम भरली. चार महिने झाले, पॅनेल सोडा, त्याचा खिळाही आला नाही.

गोम पुढेच होती. नवं नाव सुचवलं की सुचवणाऱ्याला मोबाईलचं रिचार्ज फुकट, अशी त्या वेबसाइटची योजना होती. बाईंना चौदा नावांची चौदा रिचार्जं मिळाली होती. कागदावर त्या सरळसरळ एजंट दिसत होत्या. तक्रारी अर्जात आरोपी म्हणून एकच नाव होतं, ते त्यांचं. सर्वांत पुढे उभी असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "हिला आदी आत घाला साहेब, मग बाकीचं बघा."

मी बाईंना विचारलं, रिचार्ज घेतलं का? नव्याण्णव टक्के लोक इथे आधी नाही म्हणतात, मग रडतात, मग हो म्हणतात. बाई रडल्या नाहीत.

"घेतलं. न्हाई कशाला म्हनू? पर साहेब, माझं बी पैसं त्यातच गेल्यात. पैशाचं ऱ्हाऊ द्या. आठ दिस झालं, गिरणीवर एक डबा आला न्हाई. बायका दळण घिऊन शेजारच्या गावाला जात्यात. उद्या माज्या मालकाच्या पलटणीत कळलं की घरची बाई चोर हाय, तर त्यांनी मान कुटं घालायची?"

मला ती बाई खरी वाटली. पण वाटण्यावर पोलिसाला काही लिहिता येत नाही. दुसरीकडे गावातले एक पुढारी तासातासाला फोन करून अटक झाली का विचारत होते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, उपअधीक्षकांची परवानगी काढली आणि प्राथमिक चौकशीला काही दिवस मागून घेतले. तेवढ्यात खरा माणूस सापडला नाही तर बाईंचं नाव आरोपीच्या रकान्यात जाणार, हे मला आणि त्यांनाही ठाऊक होतं.

आमच्या ठाण्यात औंधकडचे एक हवालदार होते. बोलायला तिरकस, कामाला पक्के. त्यांना मी त्याच वेबसाइटवर स्वतःच्या नावाने फॉर्म भरायला सांगितलं. पत्ता दिला ठाण्यामागच्या मोकळ्या जागेचा, जिथे आम्ही जप्त केलेल्या गाड्या ठेवतो. तिथे भिंत नाही की पत्रा नाही. वर आभाळ आणि खाली गंजलेल्या मोटारसायकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदारांच्या मोबाईलवर पाच कंपन्यांची पाच कोटेशनं आली. पुणे, नाशिक, नागपूर, सुरत आणि बेंगळुरू. पाचही कंपन्यांनी लिहिलं होतं की आमच्या अभियंत्याने छताची प्रत्यक्ष पाहणी केली असून छत भक्कम व दक्षिणाभिमुख आहे. मी इतका हसलो की शिपाई चहा घेऊन दारातच थांबला. मग कोटेशनं छापून टेबलावर ओळीने मांडली. दर निरनिराळे, नावं निरनिराळी, बोधचिन्हं निरनिराळी. मात्र प्रत्येक कागदाच्या माथ्यावर, बारीक अक्षरात, एकच ओळ होती: ॥ श्री यमाई प्रसन्न ॥

हवालदारांनी चष्मा वर केला. "साहेब, यमाई आमची, औंधची. बेंगळुरूवाल्याला ती कवापासनं पावली?"

आमच्याकडे कागद कसलाही असो, लग्नपत्रिका असो की खताची पावती, कुलदैवताला वर बसवल्याशिवाय खालची ओळ सुरू होत नाही. पाच शहरांतल्या पाच प्रतिस्पर्ध्यांचं कुलदैवत एकच निघावं, हे काही मला पचेना. कागद एकाच हातातून निघाले होते आणि तो हात आमच्याच मुलखातला होता. सायबर शाखेने फोन नंबर आणि बँक खात्याचा माग काढला तो साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळच्या एका भाड्याच्या कार्यालयापर्यंत गेला. वेबसाइटच्या चालकाला मी नोटीस काढून बोलावलं.

गृहस्थ वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बोलणं एकदम गुळगुळीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही फक्त तुलना करतो, निवड ग्राहकाची. त्या कंपन्यांशी आपला संबंध नाही, त्यांच्या मालकांना आपण पाहिलेलंही नाही, आणि गावात कोणी बाई एजंट म्हणून फिरत असतील तर ते तुम्ही बघा. हे सांगताना त्यांनी चहा मागितला. मी दिला. गुर्मीतल्या माणसाला चहा द्यावा, तो जास्त बोलतो.

तास दीड तास झाला. यमाईच्या ओळीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. शेवटी म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणता ते पटतं, एवढं लेखी द्या म्हणजे मी विषय संपवतो. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. विषय संपतोय म्हटल्यावर गृहस्थ खुशीत आले. खुर्ची पुढे ओढली, कागद सरळ केला आणि मजकुराला हात घालण्याआधी, सवयीने, माथ्यावर मधोमध लिहिलं: ॥ श्री यमाई प्रसन्न ॥

मी पाच कोटेशनं त्या कागदाशेजारी ओळीने ठेवली आणि प्रत्येकाच्या माथ्यावर बोट टेकवत गेलो. पाचव्या कागदाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

कोर्टात ती ओळ पुरावा म्हणून टिकली नसती, हे मलाही कळत होतं. पण त्या ओळीने माणूस मोडला. गुन्हा दाखल झाला आणि लॅपटॉप पंचांसमक्ष जप्त झाला. त्यात पाचही कंपन्यांची लेटरहेडं होती. चार कंपन्यांचे दर मुद्दाम चढे ठेवायचे म्हणजे पहिल्या नंबरची स्वस्त वाटते, हे गणित होतं. तारे किती द्यायचे आणि समाधानी ग्राहकांनी काय म्हणायचं, तेही हाच ठरवायचा. पाचांपैकी एकाही कंपनीकडे पॅनेल नव्हतं. खातं वेळेत गोठवल्यामुळे कोर्टाच्या हुकमाने बायकांचे पैसे परत मिळाले. आरोपपत्रात गिरणीवाल्या बाईंचं नाव गेलं ते साक्षीदार क्रमांक एक म्हणून. ते नाव मी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही, माझ्या हाताने लिहिलं. नोकरीत बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली, पण साक्षीदाराच्या त्या एका ओळीइतका आनंद मला कशानेच झाला नाही.

पैसे परत मिळाले त्या आठवड्यात अर्ज देताना सर्वांत पुढे असलेली ती म्हातारी एकटीच ठाण्यात आली. अर्जावरचा आपला अंगठा पुसून द्या म्हणाली. मी सांगितलं, आजी, सरकारी कागदावरचं काही पुसता येत नाही. तिने विचारलं, मग मी काय करू? मी म्हटलं, दळण घेऊन जा. ती गेली. संध्याकाळी बीटवरून परतलेल्या हवालदारांनी सांगितलं की गिरणीपुढे डब्यांची ओळ रस्त्यापर्यंत आली होती.

लोक मला विचारतात, मग अशा वेबसाइटांवर विश्वास ठेवायचाच नाही का? सगळ्याच खोट्या नसतात. चांगल्या असतील, आहेतही. पण वेबसाइट ज्यांना दाखवते त्यांचीच तुलना करते. जे यादीत नाहीत ते तुम्हाला दिसतच नाहीत, आणि यादीत वर कोण बसणार हे बऱ्याचदा वेबसाइटला पैसे कोण देतो त्यावर ठरतं. म्हणून आधी विचारा, ही फुकट तुलना करून देणाऱ्याचं पोट कशावर चालतं? मग वीज कार्यालयात जाऊन नोंदणी असलेल्यांची नावं बघा आणि त्यांनी काम केलेल्या घरी जाऊन घरधन्याशी बोला. मला हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. एका गिरणीवालीला आरोपी करायला निघालो होतो, तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर साताऱ्याच्या माझ्या घरावर पॅनेल बसवायची वेळ आली. मी एकही वेबसाइट उघडली नाही, बाईंना फोन केला. त्यांच्या गावात तोवर बावीस घरांवर पॅनेल बसली होती, आणि प्रत्येक वेळी बायका कंपनी ठरवायला त्यांनाच पुढे घालत होत्या. मला वाटलं, एखादं नाव सांगतील. त्या दुसऱ्या दिवशी एसटीने साताऱ्याला हजर. पदर खोचून जिन्याने वर गेल्या, छतावर चांगला अर्धा तास फिरल्या. खाली येऊन पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "आवं साहेब, कंपनीचं मागनं बघू. तुमच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारपातूर छतावर हाय. आदी टाकी हलवा."

चौतीस वर्षं मी लोकांना हुकूम सोडले. त्या दिवशी मुकाट्याने टाकी हलवली.