डॉक्टरांचा मासा

आमचे डॉक्टर दातांचे. दातांचा डॉक्टर म्हणजे शांत, एका जागी बसणारा माणूस असणार, असं समजून मी लग्नाला हो म्हटलं. शांत आहेतच हो, पण ती शांतता सगळी तळ्यावर खर्च होते. सुट्टीच्या दिवशी अंधारातच उठतात, कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवतात, गळाची काठी घेतात आणि शहराबाहेरच्या तळ्यात जाऊन उभे राहतात. चहा मी करून द्यायचा. दुपारी रिकामा थर्मास घरी येतो. मासा काही येत नाही.

"पकडला की सोडून द्यायचा असतो," हे त्यांचं शास्त्र. ओल्या हातांनी अलगद धरायचा, तोंडातला हूक काढायचा, 'थँक यू' म्हणायचं आणि पाण्यात सोडायचा. बघा बाई! माशाला थँक यू! आणि तीस वर्षं थर्मास भरणारीला एवढंच, की आज साखर जास्त झाली होती.

बरं, मासा पकडायचा तर गांडूळ लावावं, पीठ लावावं. छे! ह्यांच्या फ्लाय फिशिंगमध्ये हुकाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. ती दवाखान्यात बनते, दात काढायच्या चिमट्यांनी. पिसं माझ्या उशीतली. पुढे मी काउंटरवर बसून नंबर पुकारते आणि आत डॉक्टर पेशंटला माश्यांचे प्रकार समजावून सांगतात. तोंडात कापसाचे बोळे असलेला माणूस हरकत तरी काय घेणार?

या वर्षी म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं होताहेत, तुला समुद्रावर नेतो." मी हरखले. उन्हाची टोपी घेतली, चपला घेतल्या. मग एक दिवस काउंटरच्या वर भिंतीवर भली मोठी काचेची चौकट लागली. आत काहीच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"बोनफिशचा फोटो लागणार. उष्ण समुद्रातला मासा. चांदीसारखा. उथळ पाण्यात असतो, पण दिसत नाही."

"तळ्यातला तरी कुठे दिसला मला?"

जिव्हारी लागलं त्यांना. पण मी तरी किती गिळायचं? तिथल्या तिथे सांगून टाकलं, "या खेपेला मासा माझ्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. नाही दिसला, तर परत आल्यावर काठी माळ्यावर. कायमची."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. 'बरं,' म्हणाले. ते 'बरं' ऐकून मलाच कसंसं झालं, पण शब्द मागे घेणारी मी नव्हे.

खरी गोम पुढेच होती. तळ्यातल्या माशाने माशी तोंडात घेतली की काठी झटकन वर उचलायची. समुद्रात नेमकं उलटं. काठी खालीच ठेवायची आणि डाव्या हाताने दोर ओढायचा. उचललीत की माशी त्याच्या तोंडातून निसटलीच. आता तीस वर्षांची सवय मोडायची कशी? तर सरावाने. आणि सरावाला मासा लागतोच.

मी मासा झाले. घरातल्या बोळाच्या एका टोकाला मी स्टुलावर, दोराचं टोक बोटांना गुंडाळून. दुसऱ्या टोकाला डॉक्टर, डोक्यावर टोपी, घरात! मी हिसका द्यायचा, त्यांनी हाताने ओढायचं. मी हिसका दिला. काठी वर. पुन्हा दिला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा ट्यूबलाइट खाली आली. आमची लेक खोलीतून डोकावली, "आई, तुम्ही दोघं बरे आहात ना?" आणि दार लावून घेतलं.

"अहो, हात! हात ओढा!" मी ओरडायची. रोज संध्याकाळी असंच. एकदाही जमलं नाही.

तर अशा तयारीने आम्ही समुद्रावर. हॉटेलच्या खिडकीतून पाणी काय सुंदर दिसायचं, पण खिडकीत बसायला वेळ कुणाला? पहाटेपासून होडीत. मागे उंच फळीवर नावाडी उभा, लांब बांबूने होडी ढकलतोय. पुढे डॉक्टर. मधे मी, नाकाला पांढरं मलम फासून. नावाडी म्हणायचा, "तो बघा!" डॉक्टर दोर फेकायचे. मला दिसायचं फक्त पाणी. मासा यायचा, बघायचा आणि निघून जायचा. शेवटचा दिवस उजाडला तोवर डॉक्टरांचं जेवण सुटलं होतं. माळा दिसत असणार त्यांना.

त्या दुपारी नावाडी एकदम कुजबुजला, "डावीकडे. मोठा आहे. टाका!"

डॉक्टरांनी टाकलं. छान पडलं, मलासुद्धा कळलं. "ओढा... थांबा... आला, आला... घेतली!"

आणि डॉक्टरांनी काठी उचलली. झटकन. उंच. तिथे ट्यूबलाइट नव्हती, म्हणून वाचली एवढंच.

दोर सैल पडला. नावाडी आभाळाकडे बघायला लागला. डॉक्टर खाली बसले, होडीच्या ओल्या लाकडावरच, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दिसला का गं तुला?"

नव्हता दिसला. कसा दिसणार? मी पाण्याकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते. मासा लागला त्या क्षणी असा काही उजळला होता चेहरा! तीस वर्षं तळ्यावर तो चेहरा कुठल्या कुठल्या माशांनी पाहिला असेल, आणि मी मात्र थर्मास धुवत बसले.

"दिसला तर," मी म्हटलं. "चांगला हातभर होता."

"हातभर! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

खोटं बोललं की भोगावं लागतंच. परत येऊन बॅगा उघडल्या नाहीत तोच हे काठी घेऊन बोळात हजर. "पुढच्या वर्षी नक्की. ये, बस." काठीला माळा नाही आणि मला सुटका नाही! नशिबाला शिव्या देत मी स्टुलावर बसले, दोर बोटांना गुंडाळला आणि रागाने असा हिसका दिला की बस.

काठी हललीसुद्धा नाही. डाव्या हाताने दोर ओढला त्यांनी, सरळ, घट्ट. मी स्टुलासकट पुढे आले.

डॉक्टर बोळातून माझ्यापर्यंत आले. वाकले. माझा हात अलगद धरला, बोटांना काचलेला दोर एकेक वेढा करून सोडवला. आणि सवयीने असेल, तोंडातून गेलं, "थँक यू."

लेकीने दारातून फोटो काढला होता, तो तिने दुसऱ्या दिवशी न विचारता चौकटीत लावला. मी स्टुलावर विस्कटलेली, डॉक्टर माझ्या हातावर वाकलेले.

परवा एक पेशंट आला. गाल टम्म सुजलेला, पण चौकशा थांबत नव्हत्या. चौकटीकडे बघून म्हणाला, "डॉक्टर मासा दाखवणार होते ना? कुठंय?"

"समोर बसलाय," मी म्हटलं. "नंबर सांगा तुमचा."